दूरच्या सागरयात्रेसाठी नौकेची निवड : सोपाऱ्याच्या पूर्णाचे गलबत आणि त्यानंतर

कुरुळी हे खेड तालुक्यातील गाव पुणे-नाशिक मार्गावर मोशी आणि चाकण यांच्या दरम्यान वसलेले आहे. येथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाराही येथवर पोहोचत नाही. तरीही चाकण पट्ट्यातील कारखान्यांतून निघणारे पेटारे रात्रंदिवस घाट उतरून न्हावाशेव्याच्या बंदराकडे जात असतात. याच रस्त्याने उत्तरेस गेले असता राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव मागे टाकून जुन्नर लागते. जुन्नरहून नाणेघाट उतरला की मुरबाड-कल्याणची वाट मिळते. दोन सहस्र वर्षांपूर्वी या प्रदेशातील मालही घाट उतरूनच समुद्राकडे जात होता. तो कल्याण आणि सोपारा या बंदरांत गलबतांवर चढे. जुन्नरच्या लेण्यांत धान्यविक्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींची नावे कोरलेली आहेत, तशीच यवन दात्यांचीही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एक स्तंभ सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या धम्मोत्तरीय भाणकाने दिला. घाटावरच्या लेण्यांचे आणि बंदराचे नाते किती जवळचे होते, हे या एका ओळीच्या लेखावरूनही ध्यानात येते.

परंतु बंदरात माल पोहोचला की खरा प्रश्न पुढे उभा राहतो. महिनोन्महिने जमीन न दिसणाऱ्या पाण्यावर माणूस आणि माल घेऊन जायचे, तर नौका कोणती घ्यावी? खाडीत चालणारी होडी आणि दूर देशी जाणारे गलबत यांतील भेद प्राचीनांना चांगला ठाऊक होता. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ ग्रंथात भरुकच्छच्या आखाताचे वर्णन आहे. तेथे वाळूचे दांडे आणि भरतीचा लोंढा इतका भयंकर होता की मोठी परदेशी गलबते स्वतःच्या बळावर आत येऊ शकत नसत. राजाच्या चाकरीतील स्थानिक वल्हेकरी आपल्या लांब होड्या घेऊन पुढे जात आणि त्यांना भरती साधून ओढून आणीत. ज्या गलबताने अख्खा समुद्र ओलांडला, ते नदीच्या मुखाशी असहाय ठरे. जी होडी त्याला ओढून आणी, ती खुल्या समुद्रात टिकली नसती. सर्व पाण्यांना उत्तम अशी नौका तेव्हा नव्हती, आजही नाही.

बौद्ध वाङ्मयात नौकेविषयी जे विखुरलेले आहे ते एकत्र केले तर या विषयाचे एक प्रकरणच तयार होईल. संयुत्त निकायात तथागतांनी योजिलेला एक दृष्टान्त आहे. वेताच्या बंधांनी बांधलेली समुद्रगामी नौका काही महिने पाण्यात राहते, हेमंतात काठावर ओढून ठेवली जाते, तिचे बंध वाऱ्या-उन्हाने सुकतात आणि पुढे पावसात भिजून सहज कुजून जातात. साधकाची संयोजने तशीच गळून पडतात, असा तेथील अर्थ आहे. आम्हांस येथे दृष्टान्ताच्या दुसऱ्या टोकाकडे पाहावयाचे आहे. ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीवरच दृष्टान्त उभा राहतो. म्हणजे त्या काळातील समुद्रनौका खिळ्यांनी ठोकलेली नसून बंधांनी बांधलेली होती, आणि तिचा दुबळा भाग लाकूड नव्हे तर बंध हा होता, हे श्रोत्यांना ठाऊक होते. नौका पारखणारा मनुष्य फळीआधी दोरी पाहत असणार, हे अनुमान यावरून करण्यास हरकत नाही.

दीघ निकायातील केवट्ट सुत्तात व्यापारी नौकेवर किनारा शोधणारा पक्षी घेऊन जातात, असा उल्लेख आहे. तो सोडला की चारी दिशांना उडतो. जमीन दिसली तर तिकडे जातो, न दिसली तर नौकेवर परततो. होकायंत्र नसलेल्या काळी नौकेच्या सामानात या पक्ष्याचा पिंजराही मोडत होता. मिलिंदपञ्हात तर नौका, नांगर, डोलकाठी, सुकाणूवरचा नियामक आणि खलाशी यांचे गुण वेगवेगळे सांगितले आहेत. नियामक सुकाणूच्या यंत्रणेवर आपली मुद्रा उमटवून ठेवतो, जेणेकरून दुसऱ्या कोणी त्यास हात लावू नये. खलाशी मनाशी म्हणतो की मी मजुरीवर आहे, या नौकेमुळे माझे अन्न चालते, म्हणून मला हलगर्जीपणा करता येणार नाही. मजुराच्या अंगचा हा गुण राजाशी चाललेल्या तत्त्वचर्चेत भिक्षूसाठी आदर्श म्हणून ठेवला जातो, याकडे अभ्यासकांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे आम्हांस वाटते.

विनयपिटकातील महावग्गात वर्षावासाचे नियम आहेत. भिक्खूने पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहावे हा सर्वसाधारण दंडक. परंतु गवळ्यांच्या तळावर, व्यापारी तांड्यात आणि नौकेत वर्षावास करण्याची अनुज्ञाही तेथे दिलेली आहे. तांडा आणि नौका हलत्या राहतात. तरी ते निवासस्थान मानले गेले. वर्षावासाएवढा दीर्घकाळ जिच्यावर राहता येते, ती नौका केवळ वाहन उरत नाही. पाणी, अन्न, निजण्याची जागा आणि सोबतीची माणसे हे सारे तिच्या निवडीत येते.

याच्या उलट धर्मशास्त्राची दृष्टी होती. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पतनास कारण होणाऱ्या कर्मांत केली आहे. उत्तरेकडचे लोक समुद्रावर जातात असेही तेच सूत्र सांगते; म्हणजे निषेध होता आणि जाणेही होते. समुद्रावर जाणाऱ्या व्यापाऱ्याला विहारात दाता म्हणून सन्मानाने स्थान मिळे, हा फरक मात्र लहान नाही. कान्हेरीच्या लेण्यांतून कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावे वाचत जावे, म्हणजे तो प्रत्यक्ष दिसतो.

आता पूर्णाकडे वळू. ‘दिव्यावदाना’तील पूर्णावदान ही शूर्पारकाची, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याची कथा. भव नावाचा श्रीमंत गृहपती आजारी पडतो. पत्नी आणि पुत्र त्याला टाकून देतात. घरची दासी त्याची शुश्रूषा करते आणि तो बरा होतो. त्या दासीच्या पोटी पूर्ण जन्मतो. पुढे घराची वाटणी होते तेव्हा या दासीपुत्राच्या वाट्याला काही येत नाही. बाजारात थंडीने कुडकुडत मोळी वाहणारा एक मनुष्य त्यास भेटतो. त्या मोळीत गोशीर्ष चंदनाचा तुकडा आहे हे पूर्ण ओळखतो आणि तेथून त्याच्या व्यापाराचा आरंभ होतो. नगरातील व्यापाऱ्यांचा संघ त्याला माल घेऊ देत नाही, तरीही तो बंदरात आलेल्या गलबताचा सबंध माल स्वतः विकत घेतो. पुढे तो स्वतः समुद्रावर जातो आणि सहा वेळा सुखरूप परततो. सातव्या सफरीत श्रावस्तीचे व्यापारी बरोबर असतात. पहाटे ते काही पठण करतात. ही गीते कोणाची, असे तो विचारतो. ही गीते नव्हेत, हे बुद्धवचन आहे, असे उत्तर मिळते. सोपाऱ्याच्या पूर्णाच्या कानी बुद्धवचन पहिल्यांदा पडले ते विहारात नव्हे, चालत्या नौकेवर. नंतर तो प्रव्रज्या घेतो आणि क्रूर म्हणून ख्यात असलेल्या श्रोणापरांतकात धम्मप्रचारास जातो. पाली मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तही हाच प्रसंग सांगते.

पूर्ण भिक्षू झाल्यावर त्याचा थोरला भाऊ भविल चंदनासाठी समुद्रावर जातो. तेथे यक्षाच्या कोपाने वादळ उठते आणि संकटात त्याला पूर्णाची आठवण होते. पूर्ण नौकेवर प्रकटतो व वादळ शमते. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हा प्रसंग रंगविलेला आहे. ग्रंथांतून वारंवार छापले जाणारे अजिंठ्याचे सुप्रसिद्ध जहाज ते हेच. त्यास तीन डोलकाठ्या व उंच आयताकृती शिडे आहेत. पुढच्या नाळेवर डोळा काढलेला आहे, पिछाडीस सुकाणूची वल्ही आहेत, आणि मांडवाखाली घड्यांची रांग आहे. हे घडे पिण्याच्या पाण्याचे असावेत. लांबच्या सफरीत पहिली जागा पाण्याला द्यावी लागते, आणि कथेतला चमत्कार रंगवितानाही चित्रकाराने पाणी विसरलेले नाही. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर अष्टमहाभयांतून तारतो असा शिल्पपट आहे, त्यातही बुडणारी नौका कोरलेली आहे. सह्याद्रीच्या पोटातील या शिल्पकारांना समुद्राचे भय ऐकीव नसावे.

ते भय कसे होते हे फाहियानने लिहून ठेवले आहे. इ. स. ३९९ मध्ये तो चीनहून खुष्कीच्या मार्गाने भारतात आला. परतताना ताम्रलिप्तीहून चौदा दिवसांत सिंहलद्वीपास पोहोचला आणि तेथे दोन वर्षे राहिला. मग दोनशेहून अधिक माणसांचे एक मोठे व्यापारी गलबत त्याने धरले. त्याच्या मागे दोराने एक लहान नौका बांधलेली होती, मोठे फुटले तर जीव वाचविण्यासाठी. दोन दिवसांतच वादळ झाले आणि गलबत गळू लागले. व्यापारी लहान नौकेकडे धावले. तेथल्या लोकांनी आपली नौका बुडेल या भयाने मधला दोर तोडून टाकला. माल समुद्रात फेकला जाऊ लागला. फाहियानने आपली झारी आणि भांडे फेकले. व्यापारी आपले ग्रंथ आणि मूर्ती फेकतील, एवढीच त्याला भीती होती. तेरा दिवसांनी एक बेट लागले, ओहोटीत भोक सापडले, ते बुजविले आणि प्रवास पुढे चालू झाला. जावा-सुमात्राकडील बेटांवर पोहोचण्यास सुमारे नव्वद दिवस लागले. पुढच्या गलबतावर पन्नास दिवसांची शिधासामग्री होती. वाट चुकल्याने ती अपुरी पडली, पाणी मोजून वाटले गेले आणि समुद्राच्या पाण्यात अन्न शिजविण्याची पाळी आली. या श्रमणामुळे आपणांवर संकट आले, त्याला एखाद्या बेटावर उतरवून द्यावे, असा विचार गलबतावरील ब्राह्मण करू लागले. त्याच्या आश्रयदात्याने विरोध केला म्हणून तो वाचला. जे ग्रंथ तो जपून घेऊन गेला ते अशा रीतीने चीनला पोहोचले. या वृत्तान्तात भरड सत्य असे आहे की मोठे गलबत म्हणजे सुरक्षित गलबत नव्हे, आणि जोडीची लहान नौका असली तरी ती कोणासाठी आहे हे वादळातच कळते.

नौकांचे प्रकार शास्त्रबद्ध करण्याचा प्रयत्न पुढे ‘युक्तिकल्पतरू’ या भोजाच्या नावावर असलेल्या ग्रंथात दिसतो. तेथे नौकांचे सामान्य आणि विशेष असे वर्ग करून विशेषांचे दीर्घ आणि उन्नत असे पोटभेद केले आहेत. काही प्रकारांची मापे तोल न राखणारी म्हणून अशुभ ठरविली आहेत. ज्या नौकेवरील कक्ष पुढच्या बाजूस असतो ती अग्रमंदिरा. दूरचा प्रवास, युद्ध आणि पावसाळा सरल्यानंतरचा काळ यांसाठी ती योग्य, असे ग्रंथकार म्हणतो. समुद्रनौकेच्या फळ्या लोखंडाने जोडू नयेत, कारण समुद्रातील लोहचुंबक त्या ओढून घेईल, असेही तो बजावतो. कारण काल्पनिक आहे, पण चाल खरी होती. पश्चिम किनाऱ्यावर फळीला फळी लावून काथ्याच्या सुंभाने शिवण्याची पद्धत दीर्घकाळ टिकली. शिवणीखाली नारळाच्या सालीचा थर दाबतात, भोके बुजवितात आणि राळेचा लेप देतात. अशी नौका लाटेच्या माऱ्यात किंचित लवते. ताठ नौका जेथे तडकेल तेथे ही वाकून निभावते आणि किनाऱ्यावर आपटली तरी पुन्हा शिवून घेता येते. पाणी मात्र ती थोडेबहुत आत घेतेच, म्हणून उपसणारे हात सदैव हवेत. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात बत्तीस हजार नारळांच्या दानाचा उल्लेख आहे. ते दान बौद्ध संघास नव्हे, शूर्पारकादि ठिकाणच्या चरकांच्या परिषदांना होते. तरी कोकणपट्टीत नारळ किती होता, म्हणजेच काथ्या किती सुलभ होता, याची त्यावरून कल्पना येते.

चौकोनी शीड आणि शिवलेली नौका ही जोडी मोसमी वाऱ्यांवर चाले. हे शीड वारा पाठीशी असताना उत्तम ओढते, समोरच्या वाऱ्यावर निरुपयोगी होते. म्हणून हिवाळ्यात ईशान्येचा वारा धरून पश्चिमेस जायचे आणि वारा फिरला की परतायचे, असा क्रम होता. नौका निवडणे आणि महिना निवडणे या दोन गोष्टी त्या काळी वेगळ्या काढता येत नाहीत.

अलीकडच्या काळात हा प्रश्न महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावर पुन्हा उभा राहिला. १९६० नंतरच्या वर्षांत मुंबईत नोकरीस असलेल्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज नाविकाने कुलाब्याच्या गोदीत भारतीय सुतारांकडून बत्तीस फुटांची सागवानी नौका बांधवून घेतली. त्याने मागविले होते एका प्रकारचे आराखडे आणि हाती आले ‘एरिक’ नावाच्या दुसऱ्याच जुन्या, मंद पण दणकट नौकेचे. वेळ व पैसा पाहून त्याने तेच स्वीकारले. ती नौका ‘सुहैली’. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. त्यांपैकी एकटी सुहैली ३१२ दिवसांनी परतली. अधिक वेगवान नौका मागे राहिल्या, आणि मुंबईच्या अनामिक सुतारांचे सागवान टिकले. नाविकाचे नाव जगाला ठाऊक झाले, सुतारांची नावे किती जणांस ठाऊक आहेत?

भारतीय नौदलाच्या सागर परिक्रमेची कल्पना व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. निवृत्तीनंतर ते फलटण तालुक्यातील विंचुर्णी येथे राहत, तेही समुद्रापासून दूरचेच गाव. भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी हॉलंडच्या व्हान डी स्टाट संस्थेचा ‘टोंगा ५६’ हा आराखडा निवडण्यात आला, आणि गोव्यातील दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात छप्पन्न फुटांची ‘म्हादेई’ बांधली गेली. लाकडाचा गाभा आणि त्यावर काचतंतूचे आवरण अशी तिची घडण आहे. तळाशी जड वजन असल्यामुळे लाटेने आडवी केली तरी ती पुन्हा उभी राहते. दक्षिण महासागरात वेगापेक्षा या गुणाचे मोल अधिक. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले, चार बंदरांत थांबले आणि मे २०१० मध्ये परतले. अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये त्याच नौकेतून न थांबता प्रदक्षिणा केली. तिच्याच घडणीच्या ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी हाच मार्ग पूर्ण केला. याच टॉमींनी २०१८ मध्ये सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘थुरिया’ घेतली, तेव्हा दक्षिण हिंदी महासागरातील वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या, त्यांच्या पाठीस गंभीर इजा झाली आणि त्यांची सुटका करावी लागली. एकच आराखडा एकास तारतो, दुसऱ्यास तारीलच असे नाही.

आणि मग अजिंठ्याचे जहाज पाण्यात उतरले. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि गोव्यातील ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. दुसऱ्या लेण्यातील चित्र हाच आधार होता. परंतु चित्र म्हणजे आराखडा नव्हे. चित्रात एकच बाजू दिसते, पाण्याखालचा भाग दिसत नाही. म्हणून नौदलाने आकार नव्याने मांडला आणि मद्रासच्या आयआयटीत पाण्यातील चाचण्या झाल्या. केरळचे बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखाली कारागिरांनी फळ्या काथ्याने शिवल्या. चौकोनी शिडे आणि सुकाणूची वल्ही ठेवण्यात आली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे हे जहाज नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ रोजी ते पोरबंदरहून निघाले, म्हणजे ईशान्येचा वारा धरून, जुन्या व्यापाऱ्यांच्याच महिन्यात. जानेवारी २०२६ च्या मध्यास ते मस्कतला पोहोचले.

या जहाजास ‘कौंडिण्य’ हे नाव देण्यात आले आहे. हा कौंडिण्य पंचवर्गीय भिक्खूंपैकी अञ्ञाकोण्डञ्ञ नव्हे. आग्नेय आशियातील फुनानच्या आख्यायिकेत समुद्र ओलांडून गेलेला आणि सोमा या नागकन्येशी विवाह करणारा जो ब्राह्मण आहे, तो हा. नाव ठेवणाऱ्यांना ते स्वातंत्र्य आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु चित्र सोपाऱ्याच्या दासीपुत्राच्या कथेतील आहे, आणि वृत्तपत्रांतून ‘पाचव्या शतकातील प्राचीन भारतीय जहाज’ एवढीच ओळख छापून येते. अजिंठ्यास गेलेल्या आपल्या मुलांना तरी त्या भिंतीपुढे उभे करून ही पूर्णाच्या भावाची नौका आहे, हे सांगावयास हवे.

सोपाऱ्याची खाडी आता गाळाने भरली आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तेथील स्तूप उकलला. त्यात दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, आठ लहान बुद्धमूर्ती आणि यज्ञ सातकर्णीचे एक नाणे मिळाले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्याच वर्षी त्याच गावी सापडला, आणि नवव्या लेखाचा १९५६ मध्ये. स्थानिक लोक त्या स्तूपाच्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. जुन्नरच्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांची श्रेणी आहे आणि सोपाऱ्याच्या स्तूपाला बुरुडाचे नाव आहे. यांचा परस्परसंबंध जोडण्यास पुरावा नाही, पण दोन्ही स्थळे पाहिलेल्या माणसाच्या मनात तो विचार आल्यावाचून राहत नाही. कुरुळीहून निघणाऱ्यांनी आधी जुन्नर पाहावे, नाणेघाटातून पायी उतरावे आणि कल्याणमार्गे नालासोपाऱ्यास जावे. पावसाळ्यात घाट निसरडा असतो. कार्तिक ते माघ हे महिने बरे.